जिच्या हुंड्यात मुंबई गेली, तिच्या गावात

शनिवार

दुबईत विमान बदलून लिस्बनला उतरलो तोवर आईने "आता अजून किती?" हे तीनदा विचारून झालं होतं. आई बहात्तर वर्षांची. तिच्यासाठीच हॉटेल न घेता सुट्टीपुरतं भाड्याचं घर घेतलं होतं. स्वतःचं स्वयंपाकघर हवं आणि सकाळच्या चहासाठी साडी नेसून चार जिने उतरायला लागू नयेत, एवढीच तिची अट. जाहिरातीत लिहिलं होतं: आल्फामा, दुसरा मजला, नदी दिसते. यातलं काहीच खोटं नव्हतं. नदी दिसत होती, न्हाणीघराच्या खिडकीतून, टाचा उंचावल्या तर. मजलाही दुसराच होता, पण तळमजल्यापर्यंत पोचायलाच गल्लीतल्या पायऱ्या चढायच्या होत्या.

टॅक्सी आल्फामात शिरत नाही, शिरूच शकत नाही. फादु संगीताच्या संग्रहालयासमोरच्या चौकात तिने आम्हाला उतरवलं आणि पुढचा रस्ता म्हणजे नुसता जिना. बायकोने पायऱ्या मोजल्या, घराच्या धरून एकशे चार. आई प्रत्येक वळणावर थांबून "छान आहे हं" म्हणायची. ती धाप लपवते आहे हे आम्हाला कळत होतं.

दारात घरमालकाचा माणूस उभा होता, पंचविशीतला पोरगा. माझं आडनाव आधीच त्याच्या फोनवर पोचलेलं, त्यामुळे त्याने भडाभडा पोर्तुगीज सुरू केलं. मी इंग्रजीत म्हणालो, मला येत नाही. तो गोंधळला. मग हे आडनाव कुठलं? वसईचं, म्हटलं. वसई त्याला ठाऊक नव्हती. तुमच्या कागदपत्रांत 'बासाईं' लिहिलंय, दोनशे वर्षं तुमचं होतं, १५३४ ते १७३९, असं सांगून पाहिलं. त्याने नम्रपणे मान हलवली आणि गरम पाण्याचा नळ कुठे आहे ते दाखवलं. आमच्या गावात दर दुसऱ्या दारावर पोर्तुगीज आडनाव आहे आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मराठीत होते, हे त्याला सांगायचा मोह मी आवरला.

जाताना त्याने किल्ली पुढे केली आणि म्हणाला, "शाव्ह." आईने चटकन हात पुढे केला. "चावी म्हणतोय ना तो?"

चावीच म्हणत होता. आपला शब्द त्यांच्याकडूनच आलेला. पण गंमत पुढे आहे. सोळाव्या शतकात वसई-गोव्याला जे पोर्तुगीज आले ते या अक्षराचा उच्चार 'च'च करत. पुढे लिस्बनमध्ये त्या 'च'चा 'श' झाला. आपण मात्र ज्या दिवशी शब्द घेतला त्या दिवशीचा उच्चार जपून ठेवला. म्हणजे त्या दारात जुनं, खानदानी पोर्तुगीज बोलत होती ती माझी आई.

रविवार

आईला मिस्सा चुकवायची नव्हती. उतारावर कॅथीड्रल आहे, त्याला इथे नुसतं 'से' म्हणतात, आणि त्याच्या पुढ्यातच संत अंतोनीचं छोटं चर्च. आम्ही तिथे गेलो, कारण अंतोनी आईचा लाडका. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून तिने आयुष्यभर त्याला मेणबत्त्या लावल्या आहेत. आमच्या पोरवयात तर त्याला उसंतच नसे. सगळं जग त्याला 'पादुआचा अंतोनी' म्हणतं, कारण तो वारला इटलीत, पादुआजवळ. जन्म मात्र लिस्बनचा, ११९५च्या सुमारास, आणि ते घर याच जागी होतं अशी इथली श्रद्धा. चर्चखाली एक अरुंद तळघर आहे. १९८२ साली पोप जॉन पॉल दुसरे तिथे प्रार्थनेला आले होते. आई खाली उतरली, बराच वेळ वर आली नाही. आली ती एकदम सांगत, "हा तर इथलाच निघाला. इतकी वर्षं मी त्याला इटालियन समजत होते."

प्रार्थना पोर्तुगीजमध्ये, पण तिला कुठे काय चाललंय ते बिनचूक कळत होतं. मला कळत होत्या त्या घंटा. बाहेर आलो तेव्हा सेच्या बुरुजातून घणघणाट सुरू झाला आणि मला मेणवलीची घंटा आठवली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा चर्चांमधल्या घंटा मराठी फौजेने विजयाच्या खुणा म्हणून नेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकरच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या अजून आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर मारिया आणि बाळ येशू कोरलेले आहेत. शाळेत चिमाजी अप्पांचा धडा मी छाती काढून वाचायचो आणि रविवारी चर्चला जायचो. दोन्हीत कधी काही अडलं नाही. अडायला हवं होतं असं वाटणारे लोक पुढे भेटले.

दुपारी खालच्या सपाट भागात, बाइशात, नदीकाठच्या मोठ्या चौकापर्यंत चालत गेलो. पांढऱ्या-काळ्या दगडाच्या तुकड्यांनी मढवलेले पदपथ दिसायला नक्षीदार, पण पावसात साबणासारखे. बायको एकदा आडवी होता होता वाचली. कोपऱ्याकोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या, त्यांचा पांढरा धूर. नोव्हेंबरात लिस्बनला त्याचाच वास असतो. चव उकडलेल्या रताळ्याच्या जवळची, असा आईचा निकाल.

सोमवार

सोमवारी इथली बरीचशी संग्रहालयं बंद. कार्मु उघडं असतं म्हणून तिकडे गेलो, आणि बरं झालं.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ, गाव चर्चमध्ये, वेदीवर मेणबत्त्या. तेवढ्यात भूकंप झाला. घाबरून नदीकाठच्या मोकळ्या जागेत पळालेल्यांवर त्सुनामी आली, आणि पडलेल्या मेणबत्त्या-चुलींची आग जवळजवळ आठवडाभर जळत राहिली. राजाचा मंत्री, पुढे मार्केश द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, त्याने बाइशा सरळ रेषांत नव्याने बांधून काढली. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घालायची पद्धत तेव्हाची. घर हललं तरी पिंजरा धरून ठेवणार. त्याचे नमुने उभे करून भोवती सैनिकांना कवायत करायला लावली आणि हादरे तपासले, असं सांगतात.

कार्मुचा मठ मात्र मुद्दाम तसाच ठेवला. त्याचं छप्पर गेलेलं, दगडी कमानी आभाळाखाली नुसत्या फासळ्यांसारख्या, खाली हिरवळ. सगळे पर्यटक आत आल्यावर क्षणभर गप्प होतात. आम्ही तिघं झालो नाही. आई म्हणाली, "आपला किल्लाच की!" खरंच, वसईच्या किल्ल्यातली चर्चं हुबेहूब अशीच आहेत, बिनछपराची, कमानी उघड्या. आमच्याकडे भूकंप झाला नाही, एवढंच. आधी लढाई, मग दुर्लक्ष, मग पिंपळ. इथे तिकीट, माहितीफलक, कापलेलं गवत. तिथे थडग्यांच्या फरशांवर लग्नाआधीची फोटोसेशन्स. फरशीवरचं पोर्तुगीज कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे नवरी कुणाच्या छातीवर उभी आहे हे तिला कळत नाही, तेच बरं.

बाहेरच्या चौकात जकरांडाची झाडं आणि लष्करी पोलिसांची कचेरी आहे. २५ एप्रिल १९७४ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान कायतानु याच इमारतीत अडकून पडला आणि संध्याकाळी शरण आला. गोवा १९६१ मध्येच भारतात आला होता, पण लिस्बनने ते कागदावर मान्य केलं ते या क्रांतीनंतर, १९७४ सरता सरता. या चौकात बाकावर बसून आम्ही एकेक 'बिका' प्यायलो, म्हणजे इथली चमचाभर कडक कॉफी. बशीत आणलेला समोसा खाल्ला. त्याला इथे 'शामुसा' म्हणतात आणि तो कोपऱ्यावरच्या साध्या दुकानातही मिळतो. गोवा-मोझांबिकच्या लोकांनी आणलेला. त्या पोरग्याला वसई माहीत नव्हती, पण शामुसा तो रोज खात असणार.

संध्याकाळी बाजार. आईला दुकानात सोडलं आणि ती पाट्या मोठ्याने वाचत फिरू लागली. बटाटा. अननस. पाव, नाकातून. "सगळं आपलंच आहे रे!" कोबी मात्र फसला. 'कोव्ह' लिहिलेली जुडी घरी आणली तर ती लांब, जाड, गडद पानांची. आपला गड्डा इथे वेगळ्याच नावाने मिळतो. नाव आपण उचललं आणि वेगळ्याच भाजीला लावून टाकलं. मासळी मात्र दुकानदाराने घेऊ दिली नाही. रविवारी होड्या जात नाहीत, सोमवारी ताजी नसते, उद्या या. असा दुकानदार मी वसईतही पाहिलेला नाही.

म्हणून बकल्याव घेतला. मीठ लावून वाळवलेला कॉड, फळीसारखा कडक. अख्ख्या देशाचा जीव या माशावर, आणि तो इथल्या समुद्रात मिळतच नाही, उत्तर अटलांटिकमधून येतो. वास ओळखीचा. "सुके बोंबील आयुष्यभर केले, याचं काय एवढं," म्हणत आईने तो तासभर भिजवला, बरोबर आणलेला बाटली मसाला घातला आणि शिजवला. पहिला घास घेऊन बायको उठून पाणी प्यायली. मी दुसऱ्या घासाला हरलो. मिठागरच होतं ते.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. संध्याकाळी दारात टेबल मांडून जिंजा विकतात, चेरीची गोड दारू, इवल्या पेल्यातून. वास खाली पोचला असणार. आम्ही खरकटं टाकायला गेलो तर त्यांनी हाताने विचारलं, काय झालं? आईने पातेलं दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग हातवारे सुरू झाले: उरलेला मासा पाण्यात घाल, थंडीत ठेव, पाणी बदल, बदल, बदल. आणि दोन बोटं. आईने विचारलं, "दोन तास?" आजींनी डोळे मिटून गालाखाली हात धरला. दोन रात्री.

मंगळवार

ज्यासाठी मी खरं म्हणजे इथे आलो तो आजचा दिवस.

सकाळी पिवळी अठ्ठावीस नंबरची ट्राम. लाकडी, करकरणारी, भिंतीला खेटून वळणारी. जागा मिळाली ती आईच्या पांढऱ्या केसांमुळे. साव विसेंतला उतरलो. मठामागच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, नाव 'फेइरा दा लाद्रा'. लाद्रा म्हणजे चोरटी बाई. आमच्या मुंबईत चोरबाजार, इथे चोरणीचा बाजार. जुनी नळकांडी, फुटके दिवे, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. बायकोला एक जुनी निळी टाइल आवडली होती, पण अशा टाइल्स घरांच्या दर्शनी भिंतींवरून चोरून विकल्या जातात हे वाचलेलं, म्हणून ठेवून दिली. नंतर दिवसभर ती त्या टाइलविषयी बोलत होती.

मग मठात गेलो. गच्चीकडच्या दालनांत निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर ला फोंतेनच्या प्राणिकथा रंगवल्या आहेत, एकेका चौकटीत एकेक गोष्ट. आईने दोन-तीन चौकटी पाहिल्या आणि म्हणाली, या शाळेतल्याच गोष्टी आहेत. तिचं फारसं चुकत नव्हतं. आपल्या बऱ्याच कथा 'पिलपे' नावाच्या भारतीय ऋषीकडून घेतल्या असं ला फोंतेनने स्वतःच १६७८ साली लिहून ठेवलंय, आणि तो पिलपे म्हणजे अरबी-फारसी वळसा घेऊन युरोपात पोचलेलं आपलं पंचतंत्र.

आणि मग भिक्षूंची जुनी भोजनशाळा. ब्रागांसा घराण्याचे राजे-राण्या इथे ठेवलेत. लांब दालन, दोन्ही बाजूंना संगमरवराच्या पेट्या, एकसारख्या. मधे एक दगडाची बाई तोंड झाकून रडते आहे, १९०८ मध्ये नदीकाठच्या चौकात गोळ्या घालून मारलेला राजा आणि त्याचा थोरला मुलगा यांच्यासाठी. लोक तिचा फोटो काढतात आणि निघतात. मी कडेकडेने नावं वाचत गेलो आणि सापडली. कातारिना. इंग्लंडची राणी.

मुंबईकडच्या प्रत्येक पोराने चौथीत वाचलेलं वाक्य: पोर्तुगालच्या राजाने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिलं. हुंडा हा शब्द आपल्याला इतका घरचा की त्या वाक्यात एक मुलगी आहे हे लक्षातच येत नाही. ती ही. १६६१चा करार, १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी लग्न. सोबत रोकड, टँजिअर आणि मुंबई. मुंबई नेमकी कुठे आहे हेही तिकडे धड माहीत नव्हतं. इंग्लंडच्या चॅन्सलरने ती ब्राझीलजवळ समजली होती म्हणतात. इकडे गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु इ काश्त्रु बेट सोडायला तयार होईना. ज्या दिवशी इंग्रज मुंबईत पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान गेला समजा, असं त्याने राजाला कळवलं. १६६५ मध्ये नाइलाजाने ताबा दिला. तीनच वर्षांत चार्ल्सने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. तेवढ्यात आजच्या मुंबईत एका माणसाचं दुपारचं जेवण होतं.

वांद्रे, साष्टी, वसई या हुंड्यात नव्हती. ती पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणून तर आमचं घराणं माहीमच्या खाडीच्या अलीकडे राहूनही पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षं वेगळ्याच राजाची प्रजा होतं.

हे सगळं मी आईला हळू आवाजात सांगत होतो. तिने मधेच थांबवलं. "तिला मुलंबाळं?"

नव्हती. गर्भ राहिला, पण टिकला नाही. नवऱ्याची बाहेर ठेवलेल्या बायकांपासून डझनभर मुलं. दरबारात ती कॅथलिक म्हणून संशयाची. चहाची सवय तिने त्या दरबाराला लावली एवढंच इंग्रज कौतुकाने सांगतात. (चहाला इथे 'शा' म्हणतात, पुन्हा तोच 'च'चा 'श'.) विधवा झाल्यावर काही वर्षांनी माहेरी परतली. इथे मात्र भावाच्या आजारपणात राज्यकारभार पाहिला, चांगला पाहिला, आणि १७०५च्या ३१ डिसेंबरला वारली.

"एवढा हुंडा देऊन पोरीला सुख नाहीच," आई म्हणाली. तिने पेटीवर हात ठेवला, मनात नमो मरिया म्हटली आणि क्रूस केला. पहारेकऱ्याने पाहिलं, पण काही म्हणाला नाही. मुंबईतून आलेलं कुणी या बाईसमोर उभं राहतं का, मला माहीत नाही. आम्ही दहा मिनिटं होतो, तेवढ्यात दालनात दुसरं कुणी तिच्यापाशी थांबलं नाही.

परतताना गल्लीतली दारं पाहत आलो. दर तिसऱ्या-चौथ्या दाराशी 'ए एल' अशी छोटी पाटी असते. म्हणजे हे घर पर्यटकांना भाड्याने देतात. आमच्या दाराशीही आहे. सकाळी ज्या खिडक्यांत कपडे वाळत नाहीत त्या बहुतेक या पाट्यांच्या. हरित वसईच्या मोर्च्यांत मी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलोय, बिल्डर आणि बाहेरच्यांविरुद्ध घोषणा दिल्यात. इथे बाहेरचा मी. त्यावर उपाय काही सुचला नाही. न्हाणीघरातल्या बालदीत धुतलेले कपडे तेवढे दोरीवर टाकले. पावसाळी हवेत ते गुरुवारपर्यंत वाळले नाहीत.

बुधवार

बेलें. ट्रामने अर्धा तास, पाऊस. जेरोनिमुशचा मठ आफ्रिका-आशियाच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिला. खांबांवर दगडाचे दोरखंड, पोवळी, शेवाळ. आत शिरताच वास्कु द गामा. १५२४च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला, हाडं पंधरा वर्षांनी मायदेशी आली. हजच्या यात्रेकरूंनी भरलेलं जहाज त्याने १५०२ मध्ये जाळलं होतं, तेही मी आईला सांगितलं. तिने त्याच्यासाठी काही म्हटलं नाही.

मला आवडला तो गेंडा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिलेला, गोव्याहून जहाजाने निघून मे १५१५ मध्ये इथे उतरला. रोमनांनंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याला हत्तीसमोर उभं केलं, तर हत्ती पळाला. नदीतल्या बुरुजाच्या एका कोपऱ्याखाली त्याचं डोकं कोरलंय, झिजून झिजून आता बटाट्यासारखं झालेलं. ते शोधायला अर्धा तास भिजलो. बायकोने त्या वेळात १८३७ पासूनच्या दुकानातून दालचिनी भुरभुरलेले सहा कस्टर्डचे पेस्ट्री आणले आणि दोन स्वतः खाल्ले.

रात्री बकल्याव. दोन रात्री, सात वेळा पाणी बदलून. बटाटे, कांदा, त्या फसव्या कोबीची पानं, कोथिंबीर आणि एक चमचा बाटली मसाला. कोथिंबीर इथे मुबलक, पोर्तुगीज लोक आपल्यासारखीच वापरतात. आम्ही पातेलं पुसून खाल्लं. त्याआधी एक वाडगा आई स्वतः खाली देऊन आली, चौदा पायऱ्या, कठडा धरून.

गुरुवार

सकाळी आठला चावी दाराजवळच्या आकड्यांच्या पेटीत टाकायची होती. पेटी उघडेना. दहा मिनिटं आकडे फिरवले, मालकाच्या माणसाचा फोन लागेना, टॅक्सी खाली चौकात वाट पाहतेय. शेवटी खालच्या आजी झग्यावर शाल घेऊन बाहेर आल्या, पेटीवर मूठ आपटली, उघडली. चावी आत.

मग त्यांनी रात्रीचा वाडगा परत दिला, धुऊन, आत चार चेस्टनट ठेवून. आणि चिमूट करून नाकाला लावली: ते काय होतं? आईने माझ्या हातातली पिशवी ओढली, उरलेल्या मसाल्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. आजींनी झाकण उघडून वास घेतला, दोनदा शिंकल्या आणि काहीतरी लांबलचक बोलल्या.

"हो, हो," आई म्हणाली, मराठीत. "पण अर्धाच चमचा घालायचा. आणि मासा आधी भिजवा."

आजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग दोन बोटं वर केली.